कोथरूडमधील आहारसल्ला केंद्र : चार महिन्यांचा अनुभव

वजन कमी करण्यासाठी कोथरूडमधील एका आहारतज्ज्ञ बाईंकडे मी ४ महिने जात आहे. भाकरी, उसळ आणि रोजचे चालणे नेमाने सांभाळूनही ६ आठवडे काटा जागचा हलला नाही, तेव्हा मी सारे सोडून देणार होते. बाईंनी जेवण आणखी कमी केले नाही. वजन उतरले की शरीराची ऊर्जेची गरजही घटते आणि मीठ-पाण्याच्या फरकाने काटा दिवसागणिक किलोभर सहज हलतो, हे समजावून त्यांनी रोजचे वजन थांबवले व पंधरवड्याला कंबरेचे माप घ्यायला लावले. ते ४ सेंटिमीटरने उतरले होते! पर्वतीच्या १०३ पायऱ्याही मी आता न थांबता चढते. शुल्क जास्त आहे, संध्याकाळी ताटकळावेही लागते. तरी पुढील ३ महिन्यांचे पैसे मी भरले आहेत.