अर्धा गुडघा बदलून वर्ष होत आलं: गुडघा उत्तम, कागदपत्रं भिकार

डाव्या गुडघ्याचं पार्शल रिप्लेसमेंट झालं, म्हणजे सांध्याची फक्त झिजलेली बाजू बदलली, त्याला वर्ष होत आलं. लिहायला बसले ते मात्र इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवलेल्या कृत्रिम भागाच्या, स्टिकरपायी. रेकॉर्ड रूमच्या काउंटरवर भांडून गेल्या आठवड्यात ते मिळवले.

डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘पार्शल नी, डावा’. कंपनी नाही, साइज नाही, लॉट नंबर नाही. बिलात ‘इम्प्लांट’ आणि पुढे थेट रक्कम. ऑगस्ट 2017मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना मर्यादा घातली, पण आत काय बसवलंय हेच कळत नसेल तर दर ताडायचा कशाशी? प्रत्येक भागाच्या खोक्यात ही माहिती छापलेले स्टिकर असतात, ते ऑपरेशनच्या नोंदीत चिकटवतात. उद्या धातूच्या दोन भागांमधलं प्लॅस्टिक झिजलं आणि तेवढंच बदलायचं ठरलं, तर डॉक्टर आधी कंपनी आणि साइज विचारणार.

गुडघ्याबद्दल तक्रार नाही. दादर स्टेशनचा जिना आता कठड्याला न लोंबकळता चढते. लिगामेंट शाबूत ठेवतात, म्हणून पाय आपलाच वाटतो. सुरुवातीला मी भेटेल त्याला ‘पार्शलच करा’ सांगायचे. आता सांगत नाही. आमच्या मजल्यावरच्या वहिनींच्या गुडघ्याची झीज दोन्ही बाजूंना आहे, त्यांना सर्जननी ठाम नाही म्हटलं आणि ते बरोबरच. झीज एकाच बाजूची, बाहेरच्या बाजूची कूर्चा (हाडांवरचं गुळगुळीत आवरण) चांगली, एसीएल (सांध्याच्या मधलं एक मुख्य लिगामेंट) धड आणि पायाचा बाक सरळ होणारा असेल तरच हे टिकतं. बाक जास्त सरळ केला, तर भार बाहेरच्या बाजूवर जाऊन तीही झिजते.

पार्शल आणि पूर्ण गुडघाबदलाची तुलना करणाऱ्या ब्रिटनच्या टॉपकॅट चाचणीत (2019) पाच वर्षांनी पार्शल आणि पूर्ण, दोन्ही गुडघे जवळपास सारखेच चालले, खर्च पार्शलचा कमी. तरी देशोदेशीच्या सांधेबदलाच्या नोंदवह्यांत पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण पार्शलचंच जास्त. त्याचं एक मोठं कारण सर्जनचा सराव. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: ‘तुमच्या शंभर गुडघ्यांत पार्शल किती?’ वीसच्या पुढे असतील तर निकाल बरे लागतात.

आता पुन्हा स्टिकर. आतली प्लॅस्टिकची चकती सरकणारी (मोबाइल बेअरिंग) असेल तर ती निसटण्याचा धोका असतो, आणि आपल्याकडे मांडी, उकिडवं बसणं चालूच. माझं कुठलं, याची ओपीडीत दोन असिस्टंटनी दोन उत्तरं दिली. स्टिकर बघून सर्जननी सांगितलं, माझं फिक्स्ड, म्हणजे चकती घट्ट बसवलेलं, आहे. इतके महिने मी पाटावर बसणं उगाचच टाळलं!

2002च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. पण त्या जपून ठेवायचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून फक्त तीन वर्षांचं. गुडघा पंधरा वर्षं चालला तर तोवर ती फाइल असेलच असं नाही. घरी जायच्या आधीच स्टिकरची झेरॉक्स मागा आणि एक प्रत मुलांकडे द्या.