हंपीच्या विठ्ठल मंदिरात अभिषेक होत नाही, कोणी पैसे मागितले तर देऊ नका

लालबागच्या आमच्या चाळीतल्या भजनी मंडळातल्या 14 बायकांकडून एका सहल आयोजकाने प्रत्येकी 1,501 रुपये जादा घेतले. कशाचे, तर हंपीच्या विठ्ठल मंदिरातल्या ‘अभिषेका’चे. एकूण 21,014 रुपये. त्यात माझी आईही होती.

कृष्णदेवरायाने पांडुरंगाची मूर्ती विजयनगरला, म्हणजे आजच्या हंपीला, नेली आणि नाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती पंढरीला परत आणली, ही कथा आईला लहानपणापासून पाठ. त्या माणसाने नेमकी तीच धरली. “मावशी, देव जिथे राहिला तिथे तुमच्या नावाने दूध घालू.” अहो, मूर्ती परत आली असेल तर तिथे अभिषेक कोणाला घालणार? हे तेव्हा मलाही सुचलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

आईने दादरच्या फुलबाजारातून तुळशीची माळ घेतली होती. ओल्या फडक्यात गुंडाळून, बसमध्ये रात्रभर मांडीवर ठेवून तिने ती नेली. मंदिरात पोचलो. पन्नासच्या नोटेवरचा तो दगडी रथ समोर होता, पण बायका थांबल्या नाहीत, थेट गाभाऱ्याकडे गेल्या. गाभारा रिकामा. तिथला पहारेकरी हात जोडून म्हणाला, “अम्मा, इथे पूजा नाही.” आई माळ हातात धरून तशीच उभी राहिली.

हंपीत नित्य पूजा होते ती विरूपाक्षाची. विठ्ठल मंदिर पुरातत्त्व खात्याकडे आहे. आम्ही गेलो तेव्हा तिकीट 40 रुपये होतं आणि तेच तिकीट त्या दिवशी लोटस महालालाही चाललं. आयोजकाने मात्र ‘प्रवेश व दर्शन’ म्हणून वेगळे 300 घेतले होते.

बसबरोबरचा मुलगा म्हणत राहिला, “साहेबांना विचारा.” साहेब फोन उचलेनात. पावतीवर ना पत्ता, ना नोंदणी क्रमांक. पैसे गेले ते कुणाच्या तरी खासगी खात्यात. आम्ही ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार केली आहे आणि पोलिसांतही अर्ज दिलाय. पैसे अजून आलेले नाहीत. तुमच्याकडे कोणी असा अभिषेक, महापूजा, खास दर्शन विकायला आलं, तर आधी त्या देवस्थानाच्या कार्यालयात स्वतः फोन लावा.

माळ आईने परत आणली. सुकली होती. वडाळ्याच्या विठ्ठलाला वाहिली.