कॉर्क शहर आणि आसपास: मुलांकडे जाणाऱ्या खानदेशी आईबापांसाठी

पोरं आयर्लंडला गेलेली घरं आता चाळीसगाव, जळगाव, धुळे, अमळनेर सगळीकडे सापडतात. कोणी औषध कंपनीत, कोणी कॉम्प्युटरवर. डब्लिनखालोखाल नाव ऐकू येतं ते कॉर्कचं. आईबाप भेटायला जातात आणि पोरगा-सून कामावर गेली की दिवसभर खिडकीतून पाऊस बघत बसतात. तसं बसू नका, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. मी चाळीसगावची, कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायचे. जुन्या जागांची ओढ पाटणादेवीच्या रानात लहानपणीच लागली. सोबत आमचे हे. दोघंही साठी ओलांडलेले, दोघांचेही गुडघे कुरकुरणारे आणि दोघंही माळकरी. तेव्हा चढ किती आणि खायला काय, तेही सांगते.

कॉर्कला गेल्यावर बहुतेकांना आधी ब्लार्नीच्या किल्ल्यावर नेतात. माझं ऐकाल तर आधी विद्यापीठात जा. युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्क शहराच्या मध्यापासून पायी वीसेक मिनिटांवर आहे, वाट सपाट आहे आणि आवारात फिरायला तिकीट नाही. १८४९ मध्ये क्वीन्स कॉलेज म्हणून ते सुरू झालं आणि तिथले गणिताचे पहिले प्राध्यापक होते जॉर्ज बूल. बारावीच्या वर्गात ज्यांनी 'आणि', 'किंवा', 'नाही'ची ट्रुथ टेबलं मांडली, त्यांना हे नाव नवं नाही. आपल्या हातातला मोबाइल ज्या खरं-खोट्याच्या हिशेबावर चालतो, तो हिशेब या माणसाने बीजगणितात बसवला. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, कुठल्या विद्यापीठाची पदवी नाही, बरंचसं स्वतःच शिकलेला. १८६४ च्या नोव्हेंबरात भर पावसात चालत तो कॉलेजात आला, ओल्या कपड्यांनीच शिकवलं, आजारी पडला आणि ८ डिसेंबरला गेला. वय ४९.

त्याची बायको मेरी ही जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. तेच एव्हरेस्ट, ज्यांनी हिंदुस्थानच्या मोजणीचं काम पुढे नेलं आणि ज्यांचं नाव शिखराला दिलं गेलं. पण मला सगळ्यात जवळची वाटली ती बूल यांची मुलगी अ‍ॅलिशिया. १८६० मध्ये कॉर्कलाच जन्मलेली. कॉलेजचं शिक्षण नाही, तरी चार मितींतल्या आकृत्या तिला मनात दिसायच्या आणि त्यांचे छेद ती पुठ्ठ्याचे करून ठेवायची. १९१४ मध्ये हॉलंडमधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली. गणिताला मुली घाबरतात असं ज्या घरात बोललं जातं, तिथे ही गोष्ट सांगायलाच हवी. मी नातीला तिथेच उभं करून सांगितली.

विद्यापीठाच्याच जुन्या दगडी चौकाच्या एका बाजूच्या पडवीत ओघम या जुन्या आयरिश लिपीतले दगड मांडले आहेत. एकूण २८. दगडाच्या कडेवर आडव्या-तिरप्या रेघा कोरलेल्या, वाचायच्या खालून वर. आयरिश भाषेचं सगळ्यात जुनं लेखन हेच, साधारण चौथ्या ते सातव्या शतकातलं. बहुतेक दगडांवर फक्त 'अमक्याचा तमका' असं नाव असतं. शेतांमधून, जुन्या भुयारांच्या छपरांमधून हे दगड गोळा करून आणले. ते बघताना आपल्या पाटणादेवीजवळच्या पाटण्याचा शिलालेख आठवला, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, हे त्यात लिहिलेलं आहे. गणितासाठी दान दिल्याचा लेख आपल्या तालुक्यात आहे, आणि आपण पाटणादेवीला जातो ते नवस आणि धबधब्यासाठी. कॉर्कच्या त्या पडवीत प्रत्येक दगडापुढे कोणी लिहिलं, कुठे सापडला, काय वाचायचं, याची पाटी आहे. एवढ्या पाट्या आपल्याकडे लागल्या तरी शाळेच्या सहलीला किती फरक पडेल!

शँडन हे दुसरं ठिकाण, पण गुडघ्यांचा विचार करून जा. सेंट अ‍ॅनचं हे चर्च १७२२ मधलं. मनोऱ्याच्या दोन बाजू तांबड्या वालुकाश्माच्या आणि दोन पांढऱ्या चुनखडीच्या, वर सोनेरी मासा. पायऱ्या १३२. खाली उभं राहून ह्यांनी विचारलं, "कितल्या पायऱ्या शेतस?" आणि आकडा ऐकून बाकावर बसले. वरचा जिना अरुंद आहे, त्यामुळे ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी वर जाऊ नये. पण पहिल्या मजल्यावर नक्की जा, कारण तिथे घंटा तुम्हीच वाजवायच्या असतात. १७५० मध्ये ग्लॉस्टरला ओतलेल्या आठ घंटा, प्रत्येकीची दोरी, आणि समोर गाण्यांचे कागद. कागदावर स्वर नाहीत, १ ते ८ आकडे आहेत. आकड्याप्रमाणे दोरी ओढत जायची, सूर आपोआप जमतो. माझ्या नातीने ओढलेल्या घंटा अख्ख्या मोहल्ल्याने ऐकल्या आणि तिथे त्याबद्दल कोणाची काही तक्रार नसते. इतक्या जुन्या वस्तूला परक्या गावच्या पोरीला हात लावू देणं, हा मोकळेपणा मला फार आवडला. मनोऱ्याला चार बाजूंनी घड्याळं आहेत, १८४७ ची. ती एकमेकांशी नीट जुळत नाहीत, म्हणून गावकरी त्यांना चार तोंडांचा लबाड म्हणतात.

तुरुंग मात्र मन लावून बघा. संडेज वेलच्या चढावर कॉर्क सिटी जेल आहे. दुरून एखाद्या राजवाड्यासारखं दिसतं. १८२४ ला सुरू झालं, १८७८ नंतर फक्त बायकांचं झालं आणि १९२३ ला बंद पडलं. कोठड्यांमध्ये मेणाचे पुतळे बसवलेत, कैदी आणि पहारेकरी, आणि कानाला लावायच्या यंत्रावर एकेकाची हकिगत ऐकू येते. पुतळे जरा भडक वाटतात, ते नसते तरी चाललं असतं. पण हकिगती खऱ्या गरिबांच्या आहेत. पोटासाठी चोरी केलेल्या, दारू पिऊन रस्त्यात पडलेल्या, पोरासकट आत आलेल्या बायका. काउंटेस मार्कीएविच ही स्वातंत्र्याच्या लढाईतली बाई १९१९ मध्ये इथे कैदेत होती. आपल्याला तुरुंग म्हटलं की धुळ्याचा आठवतो, जिथे १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यामुळे मला त्या कोठड्यांपुढून भराभर चालता आलं नाही.

जेलच्या खाली उतरलं की नदीकाठी फिट्झगेराल्ड पार्क आणि त्यात शहराचं फुकट बघायचं संग्रहालय. तिथे टेरेन्स मॅकस्विनींची माहिती वाचा. कॉर्कचे महापौर. १९२० मध्ये इंग्रजांच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवस अन्न न घेता त्यांनी प्राण सोडला. १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणाने जतीन दास गेले, तेव्हा मॅकस्विनींच्या घरच्यांनी हिंदुस्थानला सहवेदनेची तार पाठवली होती. ह्यांना ते ठाऊक नव्हतं. मॅकस्विनींच्या फोटोपुढे हे बराच वेळ उभे राहिले.

आता कोव्ह हे बंदराचं गाव आणि स्पाइक बेट. दिवस एकच हातात असेल तर बाकी सगळं सोडा आणि इथे जा. कॉर्कच्या केंट स्टेशनातून लोकल निघते, साधारण पंचवीस मिनिटं लागतात आणि शेवटी शेवटी दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी असतं. कोव्ह स्टेशनाला लागूनच वारसा केंद्र आहे. १८४८ ते १९५० या काळात साठ लाखांवर माणसं आयर्लंड सोडून गेली, त्यातली सुमारे पंचवीस लाख या एका धक्क्यावरून. बाहेर अ‍ॅनी मूर आणि तिच्या दोन भावांचा पुतळा आहे. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कचं एलिस आयलंड उघडलं, तेव्हा तिथून अमेरिकेत पाऊल टाकणारी पहिली मुलगी ती. पोरं परदेशी गेलेल्या आईबापांनी त्या पुतळ्यापुढे जरूर थांबावं. तेव्हा गेलेलं लेकरू पुन्हा दिसेल याची खात्री नसायची. आपण निदान रोज रात्री व्हिडिओ कॉलवर बोलतो.

टायटॅनिकचं शेवटचं बंदर हेच. ११ एप्रिल १९१२ ला जहाज बंदराबाहेर थांबलं आणि इथून १२३ प्रवासी लहान होड्यांनी जाऊन चढले. व्हाइट स्टार कंपनीच्या जुन्या तिकीट कचेरीत त्याचं प्रदर्शन आहे. आत शिरताना एका खऱ्या प्रवाशाच्या नावाचं तिकीट हातात देतात, त्याचं पुढे काय झालं ते शेवटी कळतं. पोरांना हे आवडतं. मला त्यापेक्षा गावाबाहेरचं जुनं कब्रस्तान महत्त्वाचं वाटलं, जिथे ७ मे १९१५ ला पाणबुडीने बुडवलेल्या लुसिटानिया जहाजावरची माणसं मोठाल्या सामायिक कबरींत पुरली आहेत. तिथवर टॅक्सी करा. वरच्या कॅथेड्रलचा चढ उभा आहे, पण तिथलं ४९ घंटांचं वाद्य वाजत असेल तर खालच्या धक्क्यावरूनही ऐकू येतं.

स्पाइक बेटाची होडी कोव्हच्या धक्क्यावरून सुटते. बेट जेमतेम शंभर एकरांचं, त्यावर चांदणीच्या आकाराचा किल्ला. सातव्या शतकात इथे मठ होता, मग तोफखाना आला आणि १८४७ मध्ये, दुष्काळ ऐन भरात असताना, किल्ल्याचा तुरुंग झाला. बटाट्यावर रोग पडला, लोक उपाशी मरू लागले, चोऱ्या वाढल्या आणि सरकारने माणसं इथे कोंबली. एका वेळी २,३०० च्या वर कैदी. १८८३ ला तो तुरुंग बंद झाला तोवर हजाराहून अधिक जण इथेच मेले. सोबतचा वाटाड्या हे सगळं मोठमोठ्याने न सांगता सांगतो, आणि शिक्षेच्या कोठडीपाशी स्वतः बाहेर थांबून तुम्हाला आत जाऊ देतो. खानदेशात १८९९-१९०० च्या दुष्काळाच्या गोष्टी आजीच्या तोंडून ऐकलेल्या माणसाला त्या कोठडीत परकं वाटत नाही. आजी सांगायची, झाडाचा पाला शिजवून खाल्ला. इथेही लोकांनी रानातलं गवत खाल्लं.

दुष्काळाचंच आणखी एक. कॉर्कहून लोकलनेच मिडलटनला जाता येतं. तिथे बागेत स्टीलची नऊ उंच पिसं गोलाकार उभी आहेत. अमेरिकेतल्या चोक्टॉ आदिवासींनी, स्वतः देशोधडीला लागलेले असताना, १८४७ मध्ये आयर्लंडसाठी पैसे गोळा करून पाठवले, त्याची ती आठवण. कलकत्त्यातूनही त्या काळात सुमारे १४ हजार पौंड गेले होते. त्याचं असं शिल्प मला कुठे दिसलं नाही.

किन्सेलचा चार्ल्स फोर्ट १६८० च्या आसपासचा, समुद्राच्या तोंडावर. १९२२ मध्ये जाळला गेला, तेव्हापासून बराकींना छप्पर नाही. पण भिंती बांधून पक्क्या केल्यात, गवत कापलेलं आहे, कठडे धड आहेत. पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्याचं एवढं जरी झालं तरी मला पुष्कळ वाटेल. गावापासून किल्ला लांब आहे, चालत जाऊ नका. वारा असा की ह्यांचा मफलर मला हाताने धरून ठेवावा लागला. शहरातला एलिझाबेथ फोर्ट छोटा आहे, फुकट आहे, अर्धा तास पुरे.

आणि ब्लार्नी. १४४६ चा किल्ला, सुंदर बाग, आठ किलोमीटरवर, शहरातून बस आहे. वरच्या दगडाचं चुंबन घेतलं की वाणी गोड होते म्हणतात. त्यासाठी गोल, निमुळत्या दगडी जिन्याने टोकापर्यंत चढायचं आणि लोखंडी दांड्या धरून उताणं वाकायचं. उन्हाळ्यात रांग लांबच लांब असते. तरुणांनी जावं. आमच्या वयाच्यांनी खाली बागेत बसावं, विषारी झाडांचा वाफा पाहावा. नातीने चुंबन घेतलं आणि खाली आल्यापासून तिची बडबड थांबलेली नाही.

खाण्याचं सांगते. इंग्लिश मार्केट १७८८ पासूनचं, छत आणि कारंजं बघण्यासारखं, पण बहुतेक गाळे मांस-मासळीचे. माळकऱ्यांनी ब्रेड, चीज, फळं घ्यावीत आणि निघावं. कुठेही सूप मागवताना नुसतं 'भाज्यांचं आहे का' विचारू नका, 'कोंबडीचं पाणी घातलंय का' तेही विचारा. एका ठिकाणी भाज्यांचं म्हणून दिलेलं सूप तसं निघालं आणि आम्ही वाटी परत केली. त्यानंतर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात घेऊनच निघायचो. स्पाइक बेटावर गवतात बसून खाल्लेल्या त्या दशम्यांची चव अजून जिभेवर आहे.

जायचं तर मे-जूनात जा. जून अखेरीस रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे पोरगा कामावरून आल्यावरही शँडनच्या गल्ल्यांमधून फिरता येतं. इकडे ४४-४५ अंश तापलेलं असताना तिथे स्वेटर लागतो. छत्री नेऊ नका, वाऱ्याने उलटते, टोपीचा रेनकोट घ्या. स्पाइकच्या होडीचं आणि जेलचं तिकीट मुलाला घरूनच काढायला सांगा आणि ज्येष्ठांची सवलत मागा. बस-लोकलला लीप कार्ड करून घेतलं तर भाडं कमी पडतं.