कोडेसिस ३.५: फुकट आहे, पण व्हेरिएबलचा स्कोप समजून घेऊनच वापरा

पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा औद्योगिक कंट्रोलर, याचं प्रोग्रॅमिंग शिकायला कोडेसिस या सॉफ्टवेअरसारखं दुसरं काही नाही. डाउनलोड मोफत, सिम्युलेशन आतच. कंट्रोल विन हा सॉफ्ट पीएलसी (संगणकालाच पीएलसी बनवणारा प्रोग्रॅम) विनापरवाना दोन तास चालतो, मग बंद पडतो; सरावाला तेवढं पुरतं.

खरी मेख स्कोपमध्ये, म्हणजे कोणतं व्हेरिएबल कुठपर्यंत दिसतं त्यात. सगळ्या प्रोग्रॅमना दिसणाऱ्या ग्लोबल यादीत 'स्टार्ट' आहे आणि प्रोग्रॅममध्येही त्याच नावाचं लोकल (फक्त त्या प्रोग्रॅमचं) व्हेरिएबल केलं, तर लोकलच वापरलं जातं. कंपाइल निमूट होतं. एचएमआयवरचं (ऑपरेटरच्या स्क्रीनवरचं) बटण ग्लोबलला जोडलेलं, त्यामुळे ते दाबूनही मोटर ढिम्म! नावाआधी टिंब दिलं की ग्लोबल मिळतं, पण ते टिंब नजरेतून सहज निसटतं. त्यापेक्षा ग्लोबल यादीच्या डोक्यावर 'क्वालिफाइड ओन्ली' अ‍ॅट्रिब्यूट (कंपायलरला दिलेली सूचना) असू द्या. मग यादीचं नाव लिहिल्याशिवाय ते व्हेरिएबल वापरताच येत नाही.

दुसरा हमखास घोळ टायमरचा. फंक्शनच्या लोकल व्हेरिएबलमध्ये टीओएन (ठरलेल्या वेळाने चालू होणारा टायमर) ठेवला, पीटी म्हणजे ठरलेला वेळ ५ सेकंद दिला, तरी त्याचं आउटपुट क्यू कधीच ट्रू होत नाही. फंक्शनची लोकल व्हेरिएबल्स प्रत्येक कॉलला नव्याने सुरू होतात, म्हणून ईटी, म्हणजे मोजलेला वेळ, शून्यावरच अडकतो. त्याऐवजी फंक्शन ब्लॉक करा. त्याच्या इन्स्टन्समध्ये (मेमरीतल्या स्वतंत्र प्रतीत) किंमत पुढच्या स्कॅनपर्यंत, म्हणजे प्रोग्रॅमच्या पुढच्या फेरीपर्यंत, टिकते. मात्र तिथेही टेम्प (तात्पुरत्या व्हेरिएबल्सच्या) विभागात टायमर टाकलात, तर रडगाणं तेच.

दुसऱ्या प्रोग्रॅमचं लोकल व्हेरिएबल बाहेरून वाचता येतं, लिहायला गेलात तर एरर. ही शिस्त उत्तम. व्हेरिएबल कुठे कुठे वापरलंय ते दाखवणारा क्रॉस रेफरन्सही झकास.