नोकरी बदलतेय, शहरही बदलतंय. मग वजनाचं ऑपरेशन कधी?

एकाच आठवड्यात तिघांनी माझ्याकडे तारीख मागितली. नव्या कंपनीच्या एचआरने रुजू होण्याची, घरमालकाने घर रिकामं करण्याची आणि सर्जनने ऑपरेशनची. कॅलेंडर उघडलं तर जुन्या नोकरीचा शेवटचा दिवस आणि नवीचा पहिला दिवस यांच्यामध्ये चार आठवडे मोकळे. म्हटलं, झालं की काम! रजा मागायला नको, कोणाला सांगायला नको. मी त्याच चार आठवड्यांत स्लीव्ह, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर कापून लहान करण्याचं ऑपरेशन, करून घेतली. ऑपरेशन उत्तम झालं. बाकी सगळं करताना मात्र जीव मेटाकुटीला आला, आणि आज कोणी विचारलं तर त्या वाटेने जा असं मी सांगणार नाही.

वाटा तीन आहेत. शहर सोडण्याआधी ऑपरेशन, दोन नोकऱ्यांच्या मधल्या दिवसांत, किंवा नव्या ठिकाणी बस्तान बसल्यावर. यांची तुलना करताना बहुतेक जण ऑपरेशनचा दिवस धरून बसतात. मीही तेच केलं. दुर्बिणीतून होणारं एक-दोन तासांचं काम, दवाखान्यात एक ते तीन रात्री. एवढंच धरलं तर ते कुठेही बसतं.

खरा हिशेब त्याच्या मागेपुढे आहे. आधी रक्ततपासण्या, एंडोस्कोपी, झोपेत श्वास अडकतो का ते बघणं, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्या भेटी. यात काही आठवडे सहज जातात, कधी काही महिने. सिगारेट असेल तर ती बऱ्याच आधी सुटलेली हवी. शेवटचे दोन आठवडे कमी कॅलरीचा आहार, कारण यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो आणि तो आकसला की सर्जनला काम करायला जागा मिळते. ऑपरेशननंतर पहिले एक-दोन दिवस पाण्यासारखे पातळ पदार्थ, मग साधारण दोन आठवड्यांपर्यंत दाट द्रवपदार्थ, त्यापुढे वाटलेलं, मग मऊ. नेहमीसारखं घट्ट जेवण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. बैठं काम असेल तर माणूस दोन-तीन आठवड्यांत टेबलावर परततो, अंगमेहनतीचं असेल तर चार ते सहा. फॉलोअप पहिल्या पंधरवड्यात, मग एक, तीन, सहा, बारा महिन्यांनी, पुढे दरवर्षी, जन्मभर.

म्हणजे आधीचे दोन आणि नंतरचे सहा, असे आठ आठवडे शांत हवेत. माझ्याकडे चारच होते, त्यातही ट्रक, घर आणि प्रवास.

मधले दिवस: दिसायला सोपे

आधी माझीच वाट सांगते, कारण मोह हिचाच जास्त पडतो.

ऑपरेशनच्या अकराव्या दिवशी मी पुस्तकांचं खोकं उचललं नाही. वजन उचलायचं नाही हे पाठ होतं. पायाने आणि एका हाताने फक्त भिंतीकडे सरकवलं, आणि बेंबीच्या वरच्या टाक्यापाशी अशी कळ आली की तिथेच खाली बसले. पहिले काही आठवडे साधारण पाच किलोच्या वर काही उचलायचं नसतं (आकडा प्रत्येक सर्जनचा थोडा वेगळा), आणि घर हलवणं म्हणजे दुसरं असतं काय? सामान बांधायला माणसं लावली तरी ‘हे कुठे ठेवू’ म्हणून हाका तुम्हालाच येतात.

पण खोक्यापेक्षा पाण्याने जास्त छळलं. जठर एवढंसं राहिल्यावर दिवसाकाठी दीड लिटर पाणी घोट घोट करत पोटात घालणं हेच एक काम होऊन बसतं. तीस मिलीलीटरचा छोटा कप आणि फोनवर दर पंधरा मिनिटांनी गजर, असं माझं चाललं होतं. ट्रक दारात उभा असताना तो गजर किती वेळा बंद केला, मोजला नाही. शरीरातलं पाणी कमी होणं हे पहिल्या महिन्यात पुन्हा दवाखान्यात जावं लागण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. मी एकोणिसाव्या दिवशी गेले. नव्या शहरात, अनोळखी इमर्जन्सी वॉर्डात, छातीत धडधड आणि डोळ्यांपुढे अंधारी घेऊन. तिथल्या डॉक्टरांनी रास्त प्रश्न विचारले: कोणतं ऑपरेशन, कोणत्या तारखेला, डिस्चार्ज समरी कुठे आहे? समरी ‘किरकोळ कागद’ लिहिलेल्या खोक्यात होती आणि खोकं अजून वाटेत होतं. सलाईन लावलं, सकाळपर्यंत बरं वाटलं. डॉक्टरांना मात्र रात्रभर आधी गळती नाही ना, याचीच खात्री करत बसावं लागलं. जठराच्या शिवणीतून गळती शंभरात एखाद्यालाच होते, पण स्लीव्हमध्ये ती बऱ्याचदा घरी गेल्यावरच कळते. सतत एकशेवीसच्या पुढे नाडी, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, धाप लागणं, यांतलं काहीही झालं तर वाट बघायची नसते. अशा वेळी ज्यांनी ऑपरेशन केलं तेच सर्जन वीस मिनिटांवर असणं आणि दुसऱ्या शहरात फोनवर असणं, यांत फार फरक पडतो.

प्रवासाचंही तसंच. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होणं आणि ती फुप्फुसात जाणं, हा या ऑपरेशननंतरचा सगळ्यात भीतीदायक धोका. तो पहिल्या महिन्यात असतो आणि बहुतेकदा डिस्चार्जनंतर. चार तासांहून लांबचा बसून केलेला प्रवास त्यात भर घालतो. सर्जनला प्रवासाची तारीख आधी सांगितली तर ते रक्त गोठू न देणारी इंजेक्शनं किती दिवस घ्यायची, मोजे घालायचे का, दर तासाला उठून चालायचं कसं, हे ठरवून देतात. मी ही तारीख सांगायलाच विसरले होते. त्यांनी विचारलं नाही, मी बोलले नाही.

आणि विमा. बऱ्याच ठिकाणी कंपनीचा गट विमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो आणि नवा रुजू झाल्यावर सुरू होतो. मधल्या दिवसांत तुम्ही उघड्यावर. स्वतःची वेगळी पॉलिसी असेल तर गोष्ट निराळी, पण तिच्यात हे ऑपरेशन बसतं का आणि प्रतीक्षाकाळ उरलाय का, ते आधी वाचायला हवं.

शहर सोडण्याआधी

हातात तीन महिने असतील तर माझं मत याच वाटेला. डॉक्टर ओळखीचे, तपासण्या तिथेच झालेल्या, साठलेली रजा आहे, रात्री अडीचला फोन केला तर येणारं माणूस आहे. हे शेवटचं कोणत्याही कागदावर मोजता येत नाही, म्हणून लोक ते धरत नाहीत. पहिला आठवडा तरी घरात कोणीतरी हवंच.

हिशेब उलटा मांडा. सामान हलवायच्या तारखेपासून मागे बारा आठवडे जा. तिथे ऑपरेशन बसलं तर तीन महिन्यांची तपासणी जुन्याच सर्जनकडे होते, जेवण नेहमीचं झालेलं असतं, आणि मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्यांचा पहिला मोठा बदलही पार पडलेला असतो. या गोळ्यांचा डोस ऑपरेशननंतर काही दिवसांतच कमी करावा लागू शकतो, नाहीतर साखर किंवा रक्तदाब एकदम खाली येतो. आठ आठवडे असतील तरी जमतं. त्याहून कमी उरले असतील तर तपासण्या घाईघाईने उरकून तारीख गाठायच्या भानगडीत पडू नका.

अडचणी दोन. राजीनामा दिल्यावर नोटीस पिरियडमध्ये मोठी रजा मिळतेच असं नाही. काही कंपन्या तेवढे दिवस नोटीस पुढे ढकलतात आणि मग रुजू होण्याची तारीख घसरते. म्हणून शक्य असेल तर आधी ऑपरेशन, मग राजीनामा. दुसरी अडचण विम्याचीच, पण आडून येणारी. दवाखान्यात दाखल होताना पॉलिसी चालू असते, सगळं कॅशलेस होतं, आणि दहा दिवसांनी विमा संपतो. चौदाव्या दिवशी काही गुंतागुंत झाली तर ते बिल कोणाचं? हे आधी लेखी विचारून घ्या.

नव्या ठिकाणी, स्थिर झाल्यावर

हातात वेळ नसेल तर ही वाट, आणि ती दुय्यम मुळीच नाही. किंबहुना पुढची पाच-दहा वर्षं ज्यांच्याकडे जायचं, तेच सर्जन ऑपरेशन करणार, हा फायदा शहर सोडण्याआधीच्या वाटेला नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्या आणि गोळ्या आयुष्यभराच्या असतात. जो माणूस शहर बदलतो तो या फॉलोअपमधून हमखास गळतो. मी स्वतः सहा महिन्यांची तपासणी दहाव्या महिन्यात केली.

किंमत वेळेची आहे. प्रोबेशन, रजा साठणं, नव्या विम्याचा प्रतीक्षाकाळ, आणि ऑपरेशनचं नवं केंद्र बऱ्याचदा देखरेखीखालच्या आहाराचे महिने आणि तपासण्या पहिल्यापासून करायला लावतं. सहा महिने म्हणता म्हणता वर्ष होतं. निकषही विमा कंपनीनुसार बदलू शकतात: अमेरिकेतल्या एएसएमबीएस आणि आंतरराष्ट्रीय इफ्सो या वजनाच्या शस्त्रक्रियांच्या क्षेत्रातल्या संघटनांनी 2022 मध्ये 1991 पासूनचे जुने निकष बदलून बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 35 किंवा जास्त असेल तर इतर आजार नसले तरी शस्त्रक्रियेची शिफारस केली, आशियाई लोकांसाठी त्याहून कमी आकडे सुचवले, पण एखादी पॉलिसी अजून जुन्या 40 वर अडलेली असू शकते. जुन्या विम्यात बसणारं ऑपरेशन नव्यात बसत नसेल, तर शहर सोडण्याआधीच्या वाटेचं पारडं एकदम जड होतं. तसंच साखर आटोक्यात नसेल किंवा झोपेत श्वास अडकत असेल, तर वर्षभर थांबणं फुकट नसतं. तेवढा काळ वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांवर काढायचा का, हे डॉक्टरांशी बोलण्यासारखं आहे. फक्त नव्या ठिकाणी औषध सलग मिळेल ना, तेही बघा. (झोपेत श्वास अडकू नये म्हणून लावायचं सीपॅप मशीन वापरत असाल तर ते ट्रकमध्ये टाकू नका, स्वतःबरोबर न्या. हसू नका, मी पाहिलंय.)

कोणतं ऑपरेशन, यानेही फरक पडतो

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग कायमचा काढतात. बायपासमध्ये जठराची जेमतेम तीस मिलीलीटरची पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. बायपासनंतर जीवनसत्त्वांची कमतरता जास्त, गोड खाल्लं की धडधड-घाम-मळमळ होऊ शकते आणि ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्या लागतात. नव्या डॉक्टरांना हे सांगणारे तुम्हीच. म्हणून सतत बदलीची नोकरी असणाऱ्याने हा मुद्दा सर्जनपुढे जरूर काढावा. पण छातीत जळजळ आधीच असेल तर स्लीव्हने ती वाढू शकते, तेव्हा निव्वळ बदलीसाठी ऑपरेशन बदलू नका. जठरात फुगा ठेवायचा विचार असेल तर बहुतेक फुगे सहा महिन्यांनी काढावे लागतात. ती तारीख कोणत्या शहरात येते ते आधी बघा. जठराभोवती पट्टी बसवण्याचं ऑपरेशन आता फारसं होत नाही, पण तिला वारंवार घट्ट-सैल करून घ्यावं लागतं, म्हणून घर बदलणाऱ्याला ती मुळीच सोयीची नाही.

बायकांसाठी आणखी एक तारीख. ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने गरोदरपण टाळायला सांगतात. नवी नोकरी, नवं शहर आणि मूल, असं एकत्र मनात असेल तर हे महिने आत्ताच कॅलेंडरवर मांडा.

ऑफिसात कोणाला सांगायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी ‘पोटाचं ऑपरेशन झालंय, जेवण थोडं सांभाळून’ एवढंच म्हटलं आणि पहिल्या दिवशीच्या जेवणात वाटीभर पातळ घेऊन बसले. कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तीन-चार महिन्यांनी केस गळायला लागले तेव्हा मात्र सगळ्यांना दिसलं. ते बहुतेकांचे परत येतात, माझेही आले.

मधल्या दिवसांची वाट मी एकाच परिस्थितीत मान्य करीन: दोन नोकऱ्यांमध्ये निदान आठ आठवडे असतील, त्यातले ऑपरेशननंतरचे पहिले चार तरी सर्जनच्याच शहरात काढता येतील, विमा एकही दिवस तुटणार नसेल आणि सामान दुसरं कोणी हलवणार असेल. घरून काम करणाऱ्याला यातलं बरंच जमू शकतं.

वाट कुठलीही धरा, एक फाइल करा. ऑपरेशन नोट (बायपास असेल तर आतड्याची कोणती लांबी किती ठेवली ते त्यात लिहिलेलं असतं), डिस्चार्ज समरी, एंडोस्कोपीचा अहवाल, ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे रक्ताचे अहवाल, चालू गोळ्यांची यादी, सर्जनचा नंबर. फोनमध्ये फोटो, आणि कागद खांद्यावरच्या पिशवीत. खोक्यात नाही.