७०-२०० घेण्याआधी पावलं मोजा: पोर्ट्रेटसाठी एफ/२.८, एफ/४ की हातातली ५५-२५०?

“मावशी, एफ/२.८ घेऊ की एफ/४?” कळव्याहून भाचीचा फोन आला. तिच्याकडे कॅननची क्रॉप सेन्सरची, म्हणजे छोट्या सेन्सरची, बॉडी आहे, सोबत ५० मिमी एफ/१.८ आणि ५५-२५० मिमी अशा दोन लेन्स. आता प्री-वेडिंगची आणि लहान मुलांच्या फोटोंची कामं यायला लागली आहेत, म्हणून ७०-२०० मिमीची टेलिफोटो झूम, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, घ्यायची आहे. ती एफ/२.८ आणि एफ/४ अशा दोन प्रकारांत मिळते; एफ-आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं आणि प्रकाश जास्त. मी तिला विचारलं, “फोटो काढणार कुठे?” उत्तर आलं: ठाण्यातले उपवन आणि मासुंदा तलाव, पाडव्याची स्वागतयात्रा आणि पावसाळ्यात लोकांच्या घरी. या चार जागांवरच सगळा निर्णय अवलंबून आहे, म्हणून आधी त्यांच्याबद्दल बोलू.

क्रॉप बॉडीवर एका माणसाचा कमरेपर्यंतचा उभा फोटो घ्यायचा, तर २०० मिमीला साधारण ८ मीटर मागे जावं लागतं. ८५ मिमीला साडेतीन मीटर पुरतात, ५० मिमीला दोन. डोक्यापासून पायापर्यंतच्या फोटोसाठी २०० मिमीला १८ मीटर लागतात. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, असेल तर ही अंतरं साधारण सहा दशांशावर येतात. ठाण्यातल्या वन बीएचकेचा हॉल असतो बारा-पंधरा फुटांचा, म्हणजे फार तर साडेचार मीटर. तिथे २०० मिमी लावून चेहऱ्याखेरीज काही मिळणार नाही. ७०-२०० चं ७० हे टोकसुद्धा क्रॉपवर कमरेपर्यंतच्या फोटोला जवळजवळ तीन मीटर मागते. घरातल्या कामासाठी ही लेन्स घेत असाल तर घेऊ नका. एफ/२.८ असो वा एफ/४, दोन्हींना हे सारखंच लागू आहे.

आता ब्लरकडे, म्हणजे मागचं दृश्य धूसर होण्याकडे, वळते, कारण सगळे त्यासाठीच पैसे मोजतात. फोकल लेंथला, म्हणजे लेन्सच्या मिमीच्या आकड्याला, एफ-आकड्याने भागलं की लेन्सच्या भोकाचा व्यास मिळतो. २०० भागिले २.८ म्हणजे सुमारे ७१ मिमी, २०० भागिले ४ म्हणजे ५०. ८५ मिमी एफ/१.८ चं भोक ४७, २५० मिमी एफ/५.६ चं ४५ आणि ५० मिमी एफ/१.८ चं २८. या आकड्याचा थेट उपयोग होतो. मागे खूप लांब असलेल्या दिव्याची फोटोत जी गोल टिकली होते, ती चेहऱ्याशेजारी धरून मोजली तर जवळजवळ या भोकाएवढीच भरते. माणसाचा चेहरा साधारण १४-१५ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे संध्याकाळी मासुंदाच्या काठावर कुणाला उभं केलं आणि पलीकडच्या काठावरचे दिवे मागे घेतले, तर एफ/२.८ वर प्रत्येक दिवा अर्ध्या चेहऱ्याएवढा फुलतो, एफ/४ वर एक तृतीयांश. हा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो आणि सुंदर दिसतो, त्याबद्दल वाद नाही.

पण मागची भिंत किंवा झाडी दोनच मीटरवर असेल, तर हे गणित पार बदलतं. टेलिफोटोसाठी तुम्ही आठ मीटर मागे गेलेले असता, त्यामुळे माणूस आणि भिंत यांच्यातलं अंतर लेन्सच्या दृष्टीने किरकोळ ठरतं. मी हिशेब केला. दोन मीटर मागच्या भिंतीवरच्या बिंदूचा ब्लर २०० मिमी एफ/२.८ वर सुमारे १४ मिमी येतो. आणि भाचीच्या त्या स्वस्त ५० मिमी एफ/१.८ वर? तोही जवळजवळ १४. ८५ मिमी एफ/१.८ तर १७ च्या पुढे जाते. २०० मिमी एफ/४ ला १० मिळतात, २५० मिमी एफ/५.६ ला साडेसात. म्हणून सोसायटीच्या आवारात, कंपाउंडच्या भिंतीपुढे किंवा जिन्यात काम करणाऱ्याने नुसत्या ब्लरसाठी दीड किलोची लेन्स घेऊ नये.

मग टेलिफोटो घ्यायचीच कशाला? माझ्या मते तिची खरी किंमत ती मागचं काय काय वगळते यात आहे. माणूस फ्रेममध्ये तेवढाच ठेवून ५० मिमीने फोटो काढला, तर त्याच्या चाळीस मीटर मागची जवळजवळ १९ मीटर उंचीची पट्टी फ्रेममध्ये शिरते. २०० मिमीने साडेपाच मीटर, २५० ने साडेचार. उपवनच्या काठावर उभं राहून हे पाहिलं की पटतं. ५० मिमीत झाडं, रेलिंग, भेळेची गाडी, दोन स्कूटर आणि एखादं होर्डिंग, सगळं येतं. २०० ला फक्त पाणी आणि येऊरच्या डोंगराचा एक हिरवा तुकडा उरतो. आपल्या शहरात स्वच्छ पार्श्वभूमी शोधून काढावी लागते, ती आयती मिळत नाही. हे काम एफ-आकडा करत नाही, फोकल लेंथ आणि तुमची पावलं करतात. म्हणूनच ३७५ ग्रॅमची ५५-२५० एसटीएम लोक ‘शिकाऊ लेन्स’ म्हणून बाजूला टाकतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. भरपूर उजेड, मागे मोकळी जागा आणि माणूस पार्श्वभूमीपासून दूर, एवढं जमलं तर तिचे फोटो एफ/४ च्या फार जवळ येतात.

५५-२५० ची मर्यादा उजेड कमी झाला की कळते. सूर्य डोंगरामागे गेला की एफ/५.६ वर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, झपाट्याने वाढवावा लागतो. एफ/४ पेक्षा एफ/२.८ दुप्पट प्रकाश घेते, म्हणजे एकीला ३२०० लागतो तिथे दुसरीला १६००. इथे एक गैरसमज नेहमी ऐकू येतो: “एफ/४ ला स्टॅबिलायझेशन आहे ना, मग चालेल.” स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थांबवतं, समोरच्या मुलीचं हसताना वळणारं डोकं नाही. चालत्याबोलत्या माणसाला १/२५० सेकंदाच्या शटर वेगाखाली मी जात नाही, आणि तिथे फक्त प्रकाशच कामाला येतो.

दुसरी बाजूही सांगते. क्रॉपवर २०० मिमी एफ/२.८ ने चेहरा भरून घेतला, तर धारदार भाग जेमतेम चार सेंटिमीटर खोल असतो. जवळचा डोळा स्वच्छ, कान विरघळलेला. एकट्या माणसाला हे शोभतं. प्री-वेडिंगमध्ये दोघं असतात आणि दोन चेहरे क्वचितच एका रेषेत येतात. त्यामुळे जोडप्याचे जवळचे फोटो मी एफ/४ किंवा ५.६ वरच घेते. एफ/२.८ चे जास्तीचे पैसे मोजून तिथे ती एफ/४ म्हणूनच वापरायची असेल, तर विचार करायलाच हवा.

पाडव्याच्या सकाळी मात्र झूमला पर्याय नाही. नऊवारी, नथ आणि फेटा घालून बुलेटवर बसलेल्या बायका लांबून येतात आणि काही सेकंदांत पुढून निघून जातात. गर्दीत एक पाऊलही मागे सरकता येत नाही. तिथे २०० वरून ७० वर येणारं मनगट लागतं. एकच फोकल लेंथ असलेली प्राइम त्यात हरते. उजेड चढत असतो, मागे दोन-तीन मीटरवर माणसंच असतात, त्यामुळे एफ/४ आणि एफ/२.८ मधला फरक इथे फारसा जाणवत नाही. भगवे झेंडे, ढोल, रांगोळी थोडी ओळखू आली तर फोटो ठाण्याचा वाटतो, मला ते हवंच असतं. खांद्याला मात्र फरक चांगलाच कळतो. कॅननच्या ईएफ (डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या) ७०-२०० मध्ये एफ/२.८ आयएस थ्री १,४८० ग्रॅम, एफ/४ आयएस टू ७८०. तीन तास उभं राहायचं, मग लोकलने घरी.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घेणार असाल तर हे वजन बरंच उतरलं आहे. कॅननची मिररलेससाठीची २०१९ ची आरएफ ७०-२०० एफ/२.८ आयएस १,०७० ग्रॅम, एफ/४ ६९५ ग्रॅम. सोनीची २०१६ ची एफ/२.८ जीएम १,४८० ग्रॅम होती, २०२१ ची दुसरी आवृत्ती १,०४५. सोनीवाल्यांनी टॅमरॉनची ७०-१८० एफ/२.८ जरूर पाहावी. पहिली, २०२० ची, ८१० ग्रॅम आहे पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. २०२३ च्या जी टू मध्ये ते आलं, वजन ८५५. एफ/४ च्या वजनात एफ/२.८ मिळते, आणि शेवटचे वीस मिलिमीटर पोर्ट्रेटमध्ये मला कधी आठवलेही नाहीत.

सेकंडहँड घेताना एकच गोष्ट अजिबात सोडू नका. दोन्ही झाकणं काढून, अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, पूर्ण उघडं ठेवून, मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती फंगस. खाडीकाठच्या आपल्या हवेत ती वेगाने वाढते. मी स्वतः एकदा घाईत अशी लेन्स घेतली आणि साफ करूनही काचेवरचा डाग गेला नाही. पावसाळाभर हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा आणि जेल ओलं झालं की बदला.

भाचीला मी दोन दिवसांसाठी एफ/२.८ भाड्याने घ्यायला लावली. पहिल्या दिवशी उपवन, दुसऱ्या दिवशी दिवे लागल्यावर मासुंदा. परत आली आणि म्हणाली, “मासुंदाचे फोटो बघून जीव अडकला गं, पण महिन्यात तशी संध्याकाळ एखादीच मिळते.” तिने सेकंडहँड ईएफ एफ/४ आयएस टू घेतली. पुढे मिररलेस घेतला तरी ती अडॅप्टरवर चालेल. संध्याकाळचं काम आलं की एफ/२.८ भाड्याने आणते आणि ते भाडं ग्राहकाच्या बिलात धरते. ५० मिमी तिच्या बॅगेतच आहे. गेल्या आठवड्यात खारेगावच्या एका घरात बारशाचे सगळे फोटो तिने त्यावरच काढले.