नॅशनल म्युझियम ऑफ द मरीन कोअर, व्हर्जिनिया: आईवडील आले की इथे न्याच

भारतातून आईवडील आले की आपण त्यांना व्हाइट हाउस, लिंकन मेमोरियल दाखवतो. मी बाबांना मरीन कोअरच्या, म्हणजे समुद्रमार्गे जाऊन लढणाऱ्या अमेरिकन सैन्यदलाच्या, या म्युझियममध्येही नेलं. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. वॉशिंग्टनहून आय-95 ने दक्षिणेला यायचं. तिकीट नाही, पार्किंगही फुकट.

इमारतीचा तिरका सुळका हायवेवरूनच दिसतो. दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा या जपानी बेटावर झेंडा रोवणाऱ्या मरीन्सच्या, म्हणजे या दलाच्या सैनिकांच्या, फोटोवरून तो आकार घेतलाय. आत कोरियाच्या दालनात मुद्दाम गारठा ठेवलाय, व्हिएतनामच्या दालनात हेलिकॉप्टरच्या पोटातून बाहेर पडायचं. आवाज मोठे आहेत, लहान मुलं दचकतील.

बाबा रेंगाळले ते इवो जिमाच्या दालनात. तिथे भिंतीवर मरीन कोअरची सुमारे 6 हजार चिमुकली चिन्हं आहेत, एकेक चिन्ह म्हणजे त्या बेटावर मारला गेलेला एकेक जण. बाबा म्हणाले, "यातलं आपल्या पोराचं कुठलं, हे आईबापाला कसं कळायचं गं?"

म्हणून त्यांना बाहेरच्या सेम्पर फिडेलिस पार्कमध्ये नेलं. तिथल्या वाटांवर घरच्यांनी आपापल्या माणसाच्या नावाच्या विटा बसवून घेतल्यात. वाकून, चष्मा सावरत बाबा एकेक नाव मला वाचायला लावत होते.

तिथेच त्यांना जेसन डनमबद्दल सांगितलं. न्यूयॉर्क राज्यातल्या सायो नावाच्या लहानशा गावचा पोरगा, मरीन कोअरमध्ये कॉर्पोरल. 14 एप्रिल 2004 ला इराकमध्ये झटापटीत समोरच्याने ग्रेनेड सोडला. जेसनने त्यावर हेल्मेट दाबलं आणि स्वतः वर पडला. जवळचे दोघे वाचले. तो 22 एप्रिलला गेला, वय 22. 10 नोव्हेंबर 2006 ला याच म्युझियमच्या उद्घाटनात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्याला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, जाहीर केलं. त्या दिवशी तो 25 वर्षांचा झाला असता. पुढे नौदलाच्या एका युद्धनौकेला त्याचं नाव दिलं. गावच्या पोस्टालाही त्याचंच नाव आहे.

युद्धनौकेपेक्षा बाबांना पोस्ट जास्त पटलं. "बेस केलं. तिकीट घ्यायला आलेला माणूससुद्धा पोराचं नाव घेणार." मलाही तसंच वाटतं. म्युझियममधले रणगाडे, विमानं उत्तम मांडलीत, पण माझ्या मते खरं बघण्यासारखं आहे ते या विटांमध्येच.

पार्क उघड्यावर आहे, त्यामुळे वयस्कर माणसं सोबत असतील तर ऐन थंडीत नको, एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बघा. आणि विटा आधी बघून घ्या. आतली दालनं फिरून पाय दुखायला लागले की बाहेर चालवत नाही.